मोठ्या सिस्टरचा वाटा

मोठ्या सिस्टरना कुणी थँक्यू म्हटलेलं खपायचं नाही.

कामोठ्यातल्या एका छोट्या हॉस्पिटलात मी लॅब टेक्निशियन म्हणून लागले, त्या पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. आमच्या आरएमओचा, म्हणजे निवासी डॉक्टरांचा, वाढदिवस होता. नर्सिंग स्टेशनवर केक आला. डॉक्टरांनी सुरी हातात घेऊन फोटो काढून घेतला आणि लगेच ती सुरी मोठ्या सिस्टरच्या हातात दिली. ठेंगणा बांधा, काळासावळा वर्ण, हनुवटीवर गोंदणाचे ठिपके, दोरीने गळ्यात अडकवलेला चष्मा. पांढरे बूट टेबलाखाली काढून ठेवलेले आणि पाय अनवाणी. त्यांनी केकभोवती एकदा नजर फिरवली, ओठांतल्या ओठांत माणसं मोजली आणि कापायला सुरुवात केली. वॉचमन, झाडूवाली मावशी, खालच्या मेडिकलमधला मुलगा, सगळ्यांचे तुकडे सारखे. माझ्या हातात तुकडा आला तेव्हा सवयीने मी म्हटलं, "थँक्यू, सिस्टर."

मी शिवी दिल्यासारखं त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"कशाला? माज्या घरचा हाय का? वाटा हाय तुजा. वाट्याला थँक्यू नसतं."

त्या दिवशी जे रजेवर होते त्यांचेही तुकडे कापले गेले. फॉइलमध्ये गुंडाळून, वर चिकटपट्टी लावून, त्यावर नाव लिहून फ्रिजमध्ये ठेवले गेले. हा त्यांचा नेमच होता. कुणाच्या बाळंतपणाचे पेढे येवोत, औषध कंपनीच्या एखाद्या एमआरने आणलेली सँडविचं असोत, की वॉचमनच्या गावचे आंबे असोत, मोठ्या सिस्टरनी वाटे लावल्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. रजेवरचा माणूस येईपर्यंत त्याचा तुकडा वाळून जायचा, तरी टाकायचा नाही. आपल्या फ्रिजमध्ये इंजेक्शनं कमी आणि केक जास्त आहे, असं आरएमओ चिडून म्हणायचे, पण सिस्टरच्या पाठीमागे.

पोटुशी बाई असेल तर तिला दोन वाटे. एक तिचा, एक पोटातल्याचा. यावरून एकदा रामायण झालं. आमच्या रिसेप्शनिस्टने दिवस गेल्याचं कुणालाच सांगितलं नव्हतं. आधी दोनदा वाईट झालं होतं, म्हणून ती घाबरून होती. सिस्टरनी समोशांचे वाटे लावले आणि तिच्यासमोर दोन ठेवले. सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. ती बिचारी बाथरूममध्ये जाऊन रडली. मी सिस्टरना म्हटलं, "अहो, तिला सांगायचं नव्हतं कुणाला." त्यांना खरंच कळेना आपलं काय चुकलं ते. "लपवायचं ते लपव म्हनावं," त्या म्हणाल्या. "पन म्हनून पोराला उपाशी ठेवायचं?"

लग्नाआधी दीड-दोन वर्षं मी त्यांच्याच वन-आरकेत पेइंग गेस्ट म्हणून राहिले. घरात खुर्ची नाही, पलंग नाही. चटईवर निजायचं, जमिनीवर बसून जेवायचं. दार दिवसभर सताड उघडं. मजल्यावर चार फ्लॅट होते. मासळी आणली की शिजवून तीन वाटे बाहेर जायचे. त्यातलं एक घर शाकाहारी. तरी सिस्टर प्रत्येक वेळी वाटी झाकून त्यांच्या दारात जायच्या, ते प्रत्येक वेळी नाक मुरडून नको म्हणायचे आणि सिस्टर परत यायच्या. चेहऱ्यावर राग नाही, काही नाही. शेवटी सोसायटीचे चेअरमन घरी आले. "मॅडम, त्यांना त्रास होतो, तुम्ही समजून घ्या ना. उगाच टेन्शन कशाला?"

"नको म्हनायचा हक त्यांचा," सिस्टर म्हणाल्या. "नेऊन द्यायचं काम माजं. त्यांनी त्यांचं करावं, मी माजं करते."

हे वाट्याचं खूळ आलं कुठून, ते मला त्या घरात कळलं. सिस्टर ठाकर समाजाच्या. पनवेलच्या पुढे डोंगराच्या पायथ्याशी त्यांची वाडी. आश्रमशाळेत शिकून नर्स झालेल्या वाडीतल्या त्या पहिल्याच. संध्याकाळी मासे साफ करता करता त्या शिकारीच्या गोष्टी सांगायच्या. शिमग्याच्या आधी वाडीतले सगळे बाप्ये कुत्री घेऊन डोंगरात जायचे. काही जण हाकारा करत खालून वर चढायचे, काही वरच्या खिंडीत दबा धरून बसायचे. रानडुक्कर म्हणजे गरीब जनावर नव्हे. सिस्टरच्या एका चुलत्याची मांडी डुकराने सुळ्याने उभी फाडली होती, तो जन्मभर लंगडत चालला. डुक्कर पडलं की बांबूला बांधून वाडीत आणायचे. गवताच्या जाळावर त्याचे केस भाजायचे. आणि मग सागाच्या पानांवर वाटे.

वाटे लावायचा मान सिस्टरच्या वडिलांचा. घर तितके वाटे. ज्याचा घाव पहिला त्याला मुंडी जादा. विधवा बाईला वाटा, आजाऱ्याला वाटा, कामाला परगावी गेलेल्याला वाटा, पोटातल्याला वाटा, कुत्र्यांनासुद्धा वाटा. सगळे ढीग लागले की वडील त्यांच्याकडे पाठ करून उभे राहायचे. दुसरा माणूस काठीने एकेका ढिगाला शिवायचा आणि विचारायचा, "ह्यो कोनाचा?" वडील न बघता नाव घ्यायचे. कुठला ढीग कुणाला जातोय ते त्यांना दिसायचंच नाही. त्यामुळे भांडण नाही, रुसवा नाही. शेवटी उरेल तो ढीग त्यांचा.

"कदी कदी नुसती हाडं उरायची," सिस्टर सांगायच्या. "आये बडबडायची. बा हसायचा."

माणूस पाठ करून उभा राहायचा हे सांगताना त्या हातातला मासा खाली ठेवून खरोखर उठायच्या आणि भिंतीकडे तोंड करून उभ्या राहायच्या.

एकदा खाडीकडच्या मोकळ्या प्लॉटवर रानडुक्कर आलं. डोंगरावरून कसं उतरलं, हायवे कसा ओलांडला कोण जाणे. ही गर्दी जमली, मोबाइल वर झाले. हॉस्पिटलातूनही आम्ही दोघी-तिघी गेलो. सिस्टर युनिफॉर्मवरच आल्या. डुक्कर कुंपणाच्या कोपऱ्यात धापा टाकत उभं होतं, बरगड्या मोजता याव्यात असं. सिस्टरनी बराच वेळ बघितलं. "लईच हडकलाय," त्या म्हणाल्या. "ह्याच्यात वाडीचं काय भागनार?" आणि परत फिरल्या. दुपारनंतर वनखात्याची माणसं जाळं घेऊन आली आणि त्याला घेऊन गेली. संध्याकाळी घरी त्यांनी मला विचारलं, "कुटं नेला असंल?"

"जंगलात सोडतात ना."

"कुटल्या?"

मी जेवणाची ताटं मांडली. त्या रात्री त्या जेवल्या नाहीत.

त्यांचा एक भाचा होता. मोठ्या भावाचा एकुलता मुलगा, विशीतला, हसरा. वाडीजवळच्या एका फार्महाउसवर कामाला होता. बाग बघायचा, तलाव साफ करायचा. महिन्यातून एखाद्या वेळी आत्याकडे यायचा, मलाही ताई ताई करायचा. एकदा जेवता जेवता त्याने सहज सांगितलं, की शेठचे मुंबईचे पाहुणे येतात, त्यांना रानातलं मटण लागतं, म्हणून आम्ही पोरं कुंपणाला तार लावतो. वरच्या लायनीवरून आकडा टाकून तारेत वीज सोडायची. रात्री डुक्कर भात खायला उतरतं आणि चिकटतं. हाकारा नको, कुत्री नकोत.

सिस्टरचा घास हातातच राहिला. "मंग वाटे कोन लावतो?"

तो हसला. "वाटे कसले, आते? गाडीत घालून नेतात. आमाला आतडी आनि खूर देतात."

"म्हंजे कुत्र्याचा वाटा देतात."

भाच्याचा चेहरा उतरला. ताटावरून उठला, हात धुतले आणि चपला घालून निघून गेला. सिस्टर त्याला हाक मारायला दारापर्यंत गेल्या, पण त्यांनी हाक मारली नाही. आत्या-भाच्याची ती शेवटची भेट.

भात पिकायला आला होता तेव्हा, एका सकाळी, हॉस्पिटलच्या दारात टेम्पो थांबला. मी लॅबच्या खिडकीतून बघितलं. मागच्या फळीवर भाचा होता, चादरीत. शेजारी सिस्टरचा भाऊ बसलेला, मांडीवर मुलाचं डोकं घेऊन. मागून मोटरसायकलवर वाडीतली दोन पोरं आली. गेटपाशी फार्महाउसचा मॅनेजर फोन कानाला लावून उभा होता, तो आत काही आला नाही.

सिस्टर ड्यूटीवर होत्या. भाचा केव्हाच गेलेला होता, तरी त्यांनी स्ट्रेचर ओढत आत नेलं, नाडी बघितली, छातीला हात लावला. भाऊ त्यांच्याजवळ गेला आणि हळू आवाजात म्हणाला, "बाय, झाडावरनं पडला म्हन. नायतर ही पोरं अडकतील. शेठ म्हनलाय, सगळं बघतो."

डॉक्टर आले. "काय झालं?"

सिस्टरनी भाच्याची मूठ सोडवली. तळवा काळा पडला होता, बोटांच्या पेरांवर जळल्याच्या रेघा. त्यांनी तो हात डॉक्टरांसमोर धरला.

"करंट हाय, सर," त्या म्हणाल्या. "डुकराला तार लावलेली. ह्याच पोरांनी. शेठच्या कुंपनाला."

भाऊ त्यांच्याकडे बघत राहिला. मग भिंतीला टेकून खाली बसला, एवढंच.

पुढे सगळं व्हायचं तसंच झालं. पोलीस आले. ती दोन पोरं आत गेली. शेठने सांगितलं, मला यातलं काही माहीत नाही, पोरांनी परस्पर केलं. मॅनेजर दुसरीकडे गेला. फार्महाउसचे दिवे पुन्हा लागायला लागले. वाडीच्या पदरात एक मेलेला आणि दोन तुरुंगात, इतकंच पडलं. दहाव्याला सिस्टर गेल्या तेव्हा भाऊ म्हणाला, "माजा पोरगा गेला तो गेला. तू आनखी दोन नेलेस." त्यानंतर तो त्यांच्याशी बोलला नाही. वाडीत कुणीच बोललं नाही. बोलायची ती फक्त त्यांची म्हातारी आई, जिला डोळ्यांनी जवळजवळ दिसत नव्हतं.

मी त्यांना एकदाच विचारलं होतं, का सांगितलंत म्हणून.

"शिकारीत मेला असता तर वाडीनं त्याला खांद्यावर आनला असता," त्या म्हणाल्या. "त्याच्या आयेला जल्मभर वाटा गेला असता. तारंवर मेला तो. झाडावरनं पडला म्हनून जाळला असता, तर पुडच्या साली तीच तार आनि दुसरं पोरगं." मग म्हणाल्या, "पन आत गेली ती बी आमचीच. ते मला कळत नव्हतं असं नाय."

त्यानंतरच्या शिमग्याला मला सातवा महिना चालू होता. लग्न होऊन मी कामोठ्यातच वेगळं बिऱ्हाड केलं होतं. एका सकाळी सिस्टर दारात आल्या. चांगलं लुगडं नेसलेल्या, केसांत फूल, हातात स्टीलचा डबा. आईने कुणाच्या तरी मोबाइलवरून निरोप दिला होता. कितीतरी वर्षांनी कुत्र्यांनी डुक्कर धरलंय, जुन्या पद्धतीने. "चल, तुला वाटे दाखवते," त्या म्हणाल्या. मला कायद्याची भीती वाटली, ते मी बोलूनही दाखवलं. "मंग नको येऊस," त्या म्हणाल्या. पण त्यांना एकटीला जायचं नव्हतं, हे मला दिसत होतं. मी गेले.

सिक्स-सीटरने पनवेलच्या पुढे गेलो, मग थोडं चालत. वाडीच्या मधल्या मोकळ्या जागेत जाळ विझत आला होता. सागाच्या पानांवर ढीग लागत होते. बायामाणसं गोल उभी होती. आम्हाला बघून बोलणं थांबलं. एका बाईने मला बसायला पाट दिला. सिस्टर माझ्या मागे उभ्या राहिल्या. वडिलांमागे वाटे लावायचा मान भावाकडे आला होता. त्याने आम्हाला येताना बघितलं, आणि ढिगांकडे पाठ केली.

काठी पहिल्या ढिगाला लागली. "ह्यो कोनाचा?"

भाऊ नावं घेत गेला. एकेक माणूस पुढे येऊन पान उचलत होतं. तुरुंगातल्या दोन पोरांचीही नावं घेतली गेली, त्यांच्या आया पुढे आल्या. आईचं नाव आलं. मग भाऊ थोडा थांबला.

"पाहुनी," तो म्हणाला. "पोटुशी हाय. दोन."

दोन पानं माझ्यासमोर आली. नावं पुढे चालू राहिली. मागे सिस्टरच्या डब्याच्या झाकणाचा आवाज आला, त्या ते सैल करत होत्या. आता एकच पान उरलं होतं. काठी त्याला लागली आणि भावाने स्वतःचं नाव घेतलं. तो वळला, पान उचललं आणि घरात गेला.

माणसं पांगली. सिस्टरनी झाकण पुन्हा दाबून बसवलं. शेजारच्या झोपडीच्या उंबऱ्यात त्यांची आई बसली होती. तिने कानोसा घेत विचारलं, "बाय, मिळाला का गं वाटा?"

"मिळाला, आये," सिस्टर म्हणाल्या.

वाटेत मी माझ्यातला एक वाटा त्यांच्या डब्यात घालायला गेले. त्यांनी माझा हात धरला. "तुजा तुजा हाय. मला द्यायचा तर वाडीनं द्यायचा." घरी येऊन त्यांनी ते मटण नुसतं मीठ, मिरची, लसूण घालून माझ्यासाठी शिजवलं. मी म्हटलं, "मीठ तरी बघा." "तूच बग," त्या म्हणाल्या. मी जेवत असताना त्या समोर बसून राहिल्या, पुन्हा पुन्हा वाढत. मी सगळं संपवलं.

त्यानंतर हॉस्पिटलात त्यांनी वाटे लावणं सोडलं. केक आला की त्या चार्ट घेऊन वॉर्डात जायच्या. दुसरं कुणीतरी कापायचं, वाकडंतिकडं. झाडूवाल्या मावशी राहून जायच्या. फ्रिज स्वच्छ झाला, आरएमओंना बरं वाटलं. मला मुलगी झाली. तिला घेऊन मी पेढे द्यायला गेले तेव्हा सिस्टरनी बाळाला मांडीवर घेतलं, एक पेढा तोंडात टाकला आणि म्हणाल्या, "थँक्यू हां."



आई गेली त्या वर्षी त्यांनी नोकरी सोडली. फ्लॅट सोडला. वाडीच्या अलीकडे, ओढ्याच्या या बाजूला, एक खोली बांधून राहायला गेल्या. वाडीत नाही, वाडीबाहेरही नाही, अशी ती जागा. मी अधूनमधून फोन करायचे. "लोक येतात का?" विचारलं की म्हणायच्या, "औषधाला येतात. इंजेक्शनला येतात. बाळंतपनाला बोलवायला येतात. जेवायला कोन बोलवत नाय."

गेल्या हिवाळ्यात मी मुलीला घेऊन त्यांना भेटायला गेले. मुलगी आता शाळेत जाते. सिस्टर वाळल्या होत्या, चष्म्याची दोरी तीच. समोरचा डोंगर एका बाजूने खणून काढला होता, दिवसभर खडीच्या क्रशरची धूळ उडत होती. मी शिकारीचं विचारलं.

"कसली शिकार?" त्या म्हणाल्या. "पोरं भितात. कुत्री म्हातारी होऊन मेली. डुकरं दिसत नायत. माज्या डोळ्यांदेखत तो शेवटचा."

म्हणजे आता वाटे लागणारच नव्हते, सिस्टरचा राहून गेलेलाही नाही आणि दुसऱ्या कुणाचाही नाही. हे मी मनात म्हटलं. त्यांनीही ते कधीतरी म्हटलं असणार.

दुपार कलती झाली तेव्हा ओढ्याच्या पलीकडून त्यांचा भाऊ आला. पार म्हातारा झालेला, काठी टेकत. माझ्याकडे बघून मान हलवली आणि पायरीवर बसून उजवा पाय लांब केला. पोटरीला पट्टी होती. सिस्टर आतून ट्रे घेऊन आल्या. दोघं एकमेकांशी एक शब्दही बोलले नाहीत. त्यांनी गाठ सोडली, पट्टी उलगडत गेल्या.

"पावसाळ्यात पत्रा लागलेला," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "तवापासनं येतो, रोज."

पट्टी पूर्ण सुटली. पोटरीवर एक व्रण होता, कोरडा, गुळगुळीत. वर नवी कातडी धरून महिने झाले असावेत. सिस्टरनी कापूस औषधात बुडवला आणि त्या भरलेल्या जागेवरून हळूहळू फिरवला, काठाकाठाने, जसा ओल्या जखमेवरून फिरवतात तसा. भाऊ डोळे मिटून बसला होता. मग त्यांनी नवी पट्टी घेतली, घट्ट नाही, सैल नाही, अशी गुंडाळली आणि गाठ मारली. भाऊ पायरीवरून उठला. मग काठी उचलून ओढ्याकडे चालू लागला. नीट चालत होता.

"सिस्टर, जखम तर..." मी म्हटलं.

"माहीत हाय," त्या म्हणाल्या, आणि कसलाही डाग नसलेली ती जुनी पट्टी उद्यासाठी धुवायला घेऊन गेल्या.